नेमके औषध, दूरचा रुग्ण

अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२४ च्या मार्चमध्ये सोटॅटरसेप्ट नावाच्या इंजेक्शनला परवानगी दिली. फुफ्फुसाच्या धमन्यांमधील रक्तदाब वाढत जाऊन हृदय थकवणारा एक विरळ आजार आहे, त्यावर हे औषध. दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली घ्यायचे. तिथल्या जाहीर किमतीप्रमाणे वर्षाचा खर्च साधारण २ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडचे सुमारे दोन कोटी रुपये. डोळ्याच्या पडद्याच्या एका आनुवंशिक आजारावरील जनुकीय उपचाराला तिथे २०१७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली होती. त्याची किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर. विरळ आजारांवरील अशा ‘नेमक्या’ औषधांच्या बातम्या आता वारंवार येतात आणि त्या वाचून बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो, की हे आपल्यासाठी नाही.

किंमत पाहिली तर तो विचार चुकीचा नाही. पण अशा औषधांपैकी एकाची काटेकोर चाचणी थेट महाडमध्ये झाली आहे आणि तिचा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली छापून आला आहे, हे महाड-पोलादपूरच्या बाहेर फार थोड्यांना ठाऊक असेल. ते औषध म्हणजे विंचवाची लस. आजच्या महागड्या इंजेक्शनांकडे कसे पाहावे, याचे बरेचसे उत्तर त्या चाचणीत आणि तिच्या आधीच्या पस्तीस वर्षांत सापडते.

आधी ‘जैविक औषध’ म्हणजे काय ते पाहू. आपण गिळतो त्या बहुतेक गोळ्यांमधली औषधे रसायनांपासून घडवलेले छोटे रेणू असतात. जैविक औषधे ही जिवंत पेशींकडून किंवा प्राण्यांकडून तयार करून घेतलेली मोठी प्रथिने असतात. ती पोटात गेली तर डाळीसारखी पचून जातील, म्हणून सुईने द्यावी लागतात. त्यांतली बरीचशी फ्रीजमध्ये जपावी लागतात. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे नेमकेपणा. एखादे प्रतिपिंड शरीरातील हजारो प्रथिनांमधून आपले एकच लक्ष्य शोधते आणि त्यालाच चिकटते. एकाच साच्यातली अशी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांना १९७५ मध्ये सापडली. पण कल्पना त्याहून जुनी आहे. बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्येच दाखवले होते, की जनावराला विषाची थोडीथोडी मात्रा दिली की त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. घोड्याच्या रक्तातून काढलेली सापाची आणि विंचवाची लस ही त्याच घराण्यातली. तिला लस म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, खरे तर ते प्रतिविष आहे.

आता महाडकडे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या पट्ट्यात लाल विंचू चावलेले मूल घरी परत येईलच याची खात्री नसे. जांभ्या दगडाच्या फटीत, सरपणाच्या ढिगात, कौलांत, पेंढ्यात राहणारा हा विंचू. दंश झाल्यावर काही वेळात अंगाला दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, आणि पुढे खोकल्याबरोबर गुलाबी फेस. तो फेस म्हणजे फुफ्फुसात भरलेले पाणी. पुस्तकांमध्ये विंचूदंशाबद्दल फारसे काही नव्हते, कारण पुस्तके जिथे लिहिली जात तिथे असा विंचू नव्हता. गुंगीची औषधे, स्टिरॉइड, ॲट्रोपिन असे जे हाताशी असे ते दिले जाई. गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत.

बावस्करांनी केले ते एवढेच, की ते रुग्णाजवळ बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान तासातासाने लिहीत गेले. त्यातून दिसले ते असे, की विष थेट फुफ्फुसावर घाला घालत नाही. ते मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे शरीर स्वतःचीच उत्तेजक रसायने पुराच्या पाण्यासारखी सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या विरोधात पंप करून थकते आणि पाणी मागे फुफ्फुसात साचते. या लक्षणांवरचे त्यांचे टिपण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुण्याहून एमडी होऊन ते पुन्हा याच भागात परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्रॅझोसिन हे औषध तेव्हा उच्च रक्तदाबासाठी मिळतच होते. ते विंचूदंशावर वापरल्याचा अनुभव त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आले. प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येणारी स्वस्त गोळी. हे झाले तेव्हा जैविक औषध अजून चित्रातही नव्हते. (२०२२ च्या पद्मश्रीमुळे हे नाव घरोघरी पोहोचले, काम मात्र त्याआधी तीन-साडेतीन दशके झालेले होते.)

लाल विंचवावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थेने बनवल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. प्रॅझोसिनने रुग्ण वाचतच असतील, तर प्रतिविष कशासाठी? महाडच्या चाचणीत हाच प्रश्न विचारला गेला. ७० रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी. अर्ध्यांना नुसते प्रॅझोसिन, अर्ध्यांना प्रॅझोसिन अधिक प्रतिविष. दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी आठ तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवरचे सुमारे अठरा तासांत. दहा तासांच्या आत बरे झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९० टक्क्यांहून अधिक, दुसऱ्यात एक चतुर्थांशाहून कमी. प्रॅझोसिनच्या मात्राही निम्म्यावर आल्या. चाचणी छोटी होती आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते, हे तिचे उणेपण. तरीही तिच्यातून कळले ते स्पष्ट होते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधून टाकते, पण विषामुळे आधीच सुटलेल्या रसायनांचे ते काही करू शकत नाही. त्यासाठी जुनी गोळीच लागते.

या चाचणीची रचना नीट लक्षात घ्यावी. नवे औषध ‘काहीच नाही’शी लढवले नाही. ते हाताशी असलेल्या सर्वांत चांगल्या स्वस्त उपचाराशी लढवले. बाजारात येणाऱ्या प्रत्येक महाग जैविक औषधाला हाच प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारणारे दर वेळी कंपनीचेच लोक असून चालणार नाही.

याच औषधाची अमेरिकेतली कहाणीही बोलकी आहे. ॲरिझोनात वेगळ्या जातीचा विंचू आहे. त्यावर मेक्सिकोत बनणारे प्रतिविष अमेरिकेने २०११ मध्ये मान्य केले. तिथे विंचूदंशाने गंभीर होणारे रुग्ण थोडे, म्हणून ते ‘विरळ आजाराचे औषध’ ठरले. विकणाऱ्या कंपनीच्या नावातच ‘रेअर डिसीज’ हे शब्द होते. मेक्सिकोत कुपी सुमारे १०० डॉलरला मिळे. ॲरिझोनातील एका रुग्णालयाने २०१२ मध्ये दोन कुप्यांचे ८३ हजार डॉलरहून अधिक बिल लावल्याचे गाजले. घोडे तेच, कारखाना तोच, बदलली ती फक्त सरहद्द. म्हणजे या औषधांची किंमत केवळ ती बनवण्याच्या खर्चातून ठरत नाही. आजार कोणत्या देशात ‘विरळ’ आहे आणि तिथे बिल कोण भरतो, यावर ती बरीच अवलंबून असते.

आता सोटॅटरसेप्टकडे परत येऊ. पोलादपूरच्या वरच्या एखाद्या वाडीतली तिशीतली बाई हंडा घेऊन चढ चढताना धापा टाकू लागते, असे धरू. पहिल्यांदा रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. मग दमा म्हणून पंप. थुंकीत जंतू न सापडताही कधीकधी क्षयाचा कोर्स. मधूनच चक्कर येऊन पडली, तर त्याला अशक्तपणा म्हणतात. फुफ्फुसाच्या धमन्यांचा उच्च रक्तदाब असा लपून राहतो. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींतसुद्धा लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो. संशय येण्यासाठी लागतो तो हृदयाचा टूडी इको, आणि तो वाचणारा जाणकार. खात्रीसाठी उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजावा लागतो, ती सोय मुंबई-पुण्याला. शिवाय आपल्याकडे इको केला की पुष्कळदा निघते ते वेगळेच. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप, जिच्यावर फुगा घालून किंवा शस्त्रक्रियेने उपाय होतो. त्या बाईला सोटॅटरसेप्टचा काडीचा उपयोग नाही, आणि तिचे निदान न करता कोणी ते दिले तर तो गुन्हाच म्हणावा लागेल.

सोटॅटरसेप्टची मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३२३ रुग्ण होते. सहा मिनिटांत चालण्याचे अंतर औषध घेणाऱ्यांत तुलनेने सुमारे ४० मीटरने वाढले. ज्याला घरातून अंगणात जाताना थांबावे लागते, त्याच्यासाठी ४० मीटर ही मोठी गोष्ट आहे. पण या रुग्णांना आधीपासून इतर औषधे चालू होती, बहुतेकांना दोन किंवा तीन. त्यांतले सिल्डेनाफिल, टॅडालाफिल आपल्या देशी कंपन्या कित्येक वर्षे बनवतात आणि ते परवडण्याजोगे आहे. थोडक्यात, नवे औषध चौथ्या पायरीचे आहे. आपली पोलादपूरची बाई अजून पहिल्या पायरीवरही पोहोचलेली नाही. तिच्यासाठी तातडीचा प्रश्न दोन कोटींचा नाही, तो ग्रामीण रुग्णालयातल्या इकोचा आहे.

फुफ्फुसाचा दुसरा एक आजार नेमकेपणाचे मोल अधिक चांगले दाखवतो. फुफ्फुसातले कप्पे मिटू नयेत म्हणून शरीर त्यांना आतून साबणासारख्या स्निग्ध द्रवाचा लेप देते. जुना लेप साफ करणाऱ्या पेशींना एका विशिष्ट प्रथिनाचा इशारा लागतो. दर दहा लाखांत सहा-सात लोकांमध्ये शरीर त्या इशाऱ्याच्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे बनवते. सफाई थांबते, द्रव साचतो आणि माणूस आतल्या आत बुडू लागतो. आजवरचा मुख्य उपाय म्हणजे भूल देऊन एकेक फुफ्फुस लिटरच्या लिटर सलाइनने धुणे. आता तेच प्रथिन वाफेवाटे हुंगायला देण्याचा उपाय पुढे आला आहे. मोलग्रामोस्टिम या औषधाच्या १६४ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत फुफ्फुसाची वायू शोषण्याची क्षमता चोवीस आठवड्यांत नुसत्या वाफेपेक्षा स्पष्टपणे अधिक सुधारली. घरी घेता येणारा उपचार, हे त्याचे आकर्षण.

पण सीटी स्कॅनवर असेच चित्र आणखी एका आजारात दिसते. दगड फोडण्याच्या, खडी भरडण्याच्या, ड्रिलिंगच्या कामात बारीक सिलिका धूळ मोठ्या प्रमाणात छातीत गेली, तर तोच द्रव साचतो. तिथे बिघाड प्रतिपिंडांचा नसतो, धुळीचा असतो. औषध तिथे लक्ष्यालाच मुकते. दोघांमधला फरक रक्ताच्या एका चाचणीने कळतो आणि त्याहून स्वस्तात कळतो तो ‘काम काय करता?’ या प्रश्नाने. महामार्गाची कामे, खाणी, क्रशर आणि औद्योगिक वसाहत असलेल्या तालुक्यात हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर हवा. तो नसतो.

डोळ्याच्या पडद्याकडे वळले की चित्र थोडे आशादायक आहे, आणि तिथे जुन्या-नव्याची गाठ आणखी घट्ट आहे. बेव्हासिझुमॅब हे प्रतिपिंड २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा जो रासायनिक संकेत असतो, तो ते अडवते. पडद्यामागे अशाच नको त्या रक्तवाहिन्या फुटून उतारवयात दृष्टी जाते. मायामीच्या एका नेत्रतज्ज्ञाने २००५ मध्ये त्याच औषधाचा थेंबभर डोळ्यात टोचून पाहिला. कंपनीने मात्र डोळ्यासाठी वेगळे, रॅनिबिझुमॅब, २००६ मध्ये आणले. अमेरिकेत एका डोसला सुमारे ५० डॉलर विरुद्ध २,००० डॉलर असा तो सामना होता. सरकारी पैशातून सुमारे १,२०० रुग्णांवर तुलना झाली आणि २०११ मध्ये निकाल लागला, की नजरेवरचा परिणाम सारखाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्वस्त औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारतात २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची देशी प्रतिकृती बाजारात आली, ती त्या औषधाची जगातली पहिली.

स्वस्ताईला एक काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. कर्करोगाची मोठी कुपी उघडून तिचे छोटे डोस करताना निर्जंतुकपणा ढळला, तर एकाच दिवशी इंजेक्शन घेतलेल्या अनेकांच्या डोळ्यांत पू होऊ शकतो. असे प्रकार भारतात आणि बाहेरही घडले आहेत. म्हणून डोळ्यासाठीच्या मात्रेत, सरकारी देखरेखीखाली, निर्जंतुक भरलेल्या सिरिंज जिल्हा रुग्णालयांना पुरवणे हे काम राज्याने हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी कोणताही नवा शोध लागायचा नाही.

या औषधाचा सर्वांत नाजूक वापर अपुऱ्या दिवसांच्या बाळांत होतो. जन्मवेळी त्यांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि मूल कायमचे आंधळे होते. नवजात अतिदक्षता कक्षांमुळे आता दीड किलोची, सव्वा किलोची बाळे जगतात, ही अभिमानाची गोष्ट. पण त्यामुळे हा धोकाही वाढला. भारतातला नियम सरळ आहे: २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेले बाळ असेल तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून पडद्याची तपासणी. फारच छोट्या बाळांची त्याहूनही आधी.

आजार निघाला तर दोन वाटा. जुनी वाट लेझरची, नवी बेव्हासिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅबच्या सुईची. पडद्याच्या मध्याजवळचा आजार असेल तर सुई सरस ठरते, हे २०११ च्या चाचणीत दिसले. सुई दोन मिनिटांचे काम, लेझरला तासभर लागू शकतो आणि तो करणारे हात कमी. मग सुईच का देऊ नये? कारण सुईनंतर आजार काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटू शकतो. बाळाला पुन:पुन्हा आणावे लागते. कापडे-कामथेच्या आईला तीन महिन्यांत सात-आठ वेळा मुंबई गाठायची, म्हणजे जाऊन-येऊन दर खेपेला सुमारे साडेतीनशे किलोमीटर, कडेवर तान्हे, घरी दुसरे मूल, आणि बरोबर येणाऱ्याची रोजंदारी बुडालेली. तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाही, तर दोष तिचा कसा म्हणायचा? अशा घरासाठी, आजाराची जागा परवानगी देत असेल, तर एकदाच केलेला लेझर अधिक सुरक्षित असतो. औषधाची निवड पडद्यावरून जशी होते, तशीच ती एसटीच्या वेळापत्रकावरूनही व्हावी लागते. परदेशी मार्गदर्शक सूचनांमध्ये हे वाक्य सापडणार नाही.

यावर उपाय शेजारच्या कर्नाटकात आहे. तिथे २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ फिरता कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि बेंगळूरुचे तज्ज्ञ ते पाहून निर्णय सांगतात. रायगडला हे अशक्य नाही. कॅमेरा महाग आहे, पण एका आंधळ्या आयुष्याच्या हिशेबात तो महाग नाही.

जनुकीय उपचाराबद्दल थोडक्यात. साडेआठ लाख डॉलरचा तो उपचार आरपीई-६५ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील आणि पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील, तरच चालतो. रातांधळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला आपल्याकडे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देऊन परत पाठवले जाते. डोस देऊनही फरक पडला नाही, घरात आणखी कोणाला तसाच त्रास असेल, आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, तर पुढची पायरी पडद्याची आणि मग जनुकाची तपासणी. बहुतेकांना हा उपचार लागू पडणार नाही, हे आईवडिलांना आधीच सांगायला हवे. पण जनुकाचे नाव कळले, की पुढच्या अपत्याबद्दल सल्ला देता येतो, आणि उद्या चाचणी निघाली तर त्या मुलाचा विचार होतो. नाव नसलेल्या रुग्णाला कोणी बोलावत नाही.

सरकारी धोरण या सगळ्याला कुठे भिडते? राष्ट्रीय विरळ आजार धोरण २०२१ च्या मार्चमध्ये आले. पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढली आणि ती ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय हे असे केंद्र आहे. यादीतील आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आणलेल्या औषधांवरील सीमाशुल्क २०२३ मध्ये माफ झाले. परदेशांत मान्यता मिळालेल्या विरळ आजारांच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट देण्याचा आदेश २०२४ च्या ऑगस्टमध्ये निघाला. ही सगळी पावले योग्य दिशेची आहेत. पण त्यांचा रोख औषधाच्या शेवटच्या टोकावर आहे. ५० लाख ही रक्कम मोठी वाटते, पण वर्षाला दोन कोटींच्या आजन्म औषधाला ती तीन महिने पुरते, आणि एकदाच करायच्या उपचारालाही सहसा अपुरी पडते. चाचणीतून दिलेली सूटही दुधारी आहे. औषध लवकर येईल, हे खरे. पण महाडच्या चाचणीसारखा, आपल्या रुग्णांत आणि आपल्या स्वस्त उपचारांच्या जोडीला याचा किती फायदा होतो, हा प्रश्न विचारण्याची एक सक्तीची जागा गेली. क्षयाचे उदाहरण घ्या. डोळ्याच्या आतल्या दाहावर वापरले जाणारे अडालिमुमॅब हे प्रतिपिंड शरीरात दबून बसलेला क्षय जागा करू शकते. ज्या देशांत क्षय नाही, तिथल्या चाचण्यांतून आपल्याला हा धोका नीट कळणार कसा?

दुसरी अडचण मोजणीची. अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असले तर आजार विरळ. आपल्या धोरणाने आकड्यांअभावी अशी रेघ आखलीच नाही, तर औषध चाचणीच्या २०१९ च्या नियमांत पाच लाखांपेक्षा अधिक रुग्ण नसलेल्या आजारावरील औषधाला वेगळा दर्जा आहे. पाच लाख आहेत की पन्नास हजार, हे सांगणार कोण? विंचूदंशाचे रुग्ण महाडमध्ये मोजले गेले, कारण एक माणूस वही घेऊन बसला होता.

आणि फ्रीजचा प्रश्न उरतोच. २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. दोन ते आठ अंशांत ठेवायच्या कुपीचे अशा वेळी काय होते, ते औषध दुकानदारांना विचारावे. कोरड्या भुकटीतले प्रतिविष त्या मानाने कणखर. नवी औषधे आपल्याकडे बनायची असतील, तर त्यांचा टिकाऊपणा हाही संशोधनाचाच विषय आहे, पॅकिंगचा नव्हे.

रायगड जिल्ह्यापुरते बोलायचे, तर यादी फार लांब नाही. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी टूडी इको. क्षयाच्या औषधांनी न सुधारलेल्या प्रत्येक रुग्णाच्या छातीचा सीटी, आणि केसपेपरवर त्याच्या कामाची नोंद. दोन हजार ग्रॅमखालच्या प्रत्येक बाळाच्या घरी सोडतानाच्या कार्डावर डोळे तपासणीची तारीख, आणि ती चुकली तर आशा सेविकेने मारायची फेरी. संशयित विरळ आजाराचे कागद केईएमला रुग्णाआधी पोहोचावेत, म्हणून जिल्ह्यात एक जबाबदार डॉक्टर. यातल्या कशालाही ५० लाख लागत नाहीत. सोटॅटरसेप्टची देशी प्रतिकृती आज ना उद्या निघेल, रॅनिबिझुमॅबची निघाली तशी. ती निघेल त्या दिवशी पोलादपूरच्या त्या बाईच्या हातात इकोचा रिपोर्ट असायला हवा, दम्याचा पंप नव्हे.